भातगिरणीसाठी ब्रेकर कसा निवडावा: चित्रं नसलेली सचित्र मार्गदर्शिका

ज्यांची मोटर निदान एकदा जळलेली आहे, अशा नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. दोनदा जळली असेल तर पहिली पायरी सोडून दिली तरी चालेल. एकदाही जळली नसेल तर तुम्ही हे वाचणारच नाही.

साहित्य: भातगिरणी एक, पत्र्याच्या शेडसकट, मुक्काम म्हसळा. वीस एचपीची मोटर एक. थ्री फेज लाईट, येईल तशी. टेस्टर, पक्कड, पाना, आणि मागून आणलेला मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. मामा एक. मामा बाजारातून आणावे लागत नाहीत, पॅनलचं दार उघडल्याच्या आवाजाला ते आपोआप येतात. आमचे मामा तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये होते. त्यामुळे जगातली प्रत्येक मोटर त्यांनी भर समुद्रात, वादळात, एका हाताने दुरुस्त केलेली आहे.

पायरी पहिली. नाव समजून घ्या.

एमसीसीबी म्हणजे मोल्डेड केस सर्किट ब्रेकर, साच्यात घडवलेल्या पेटीतला ब्रेकर. नाव पेटीवरून पडलंय, आतल्या करामतीवरून नाही. आत दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी: जास्त करंट वाहिला की ती तापते, वाकते आणि खटका सोडते. तिचा राग हळू चढतो. दुसरी कॉइल. शॉर्टसर्किटचा प्रचंड करंट आला की ती चुंबकासारखी खेचते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. थोडं जास्त झालं तर पट्टी, फार जास्त झालं तर कॉइल, अशी ही वाटणी.

वडिलांच्या काळात यातलं काही नव्हतं. पांढऱ्या चिनीमातीचे तीन किटकॅट होते आणि त्यांत तार. तार वितळायची म्हणून वडील जाड तार घालत. तीही वितळली की दुपदरी. असं करत करत शेवटी आमच्या गिरणीत फ्यूज सोडून बाकी सगळं जायचं. पहिली मोटर अशीच गेली.

पायरी दुसरी. मोटरची पाटी वाचा.

ही पायरी सोपी वाटते म्हणून कोणी करत नाही. मोटरच्या अंगावर एक छोटी पत्र्याची पाटी असते. तिच्यावर तुसाचा आणि ग्रीसचा थर बसलेला असतो. तो रॉकेलच्या बोळ्याने पुसा. किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि जोडणी डेल्टा की स्टार, एवढं वहीत उतरवून घ्या. मामा म्हणतील, "पाटी काय वाचतोस, मोटर डोळ्यांना दिसतेय ना वीसची?" त्यांना चहा द्या.

आमची दुसरी मोटर मामांनीच मुंबईला दारूखान्यातून आणली होती. तिथे मोडीत निघालेल्या बोटींचं सगळं मिळतं, नांगरापासून न्हाणीघराच्या नळापर्यंत. मोटर तांब्याने भरलेली, वजनदार, भाव अर्धा. मामांच्या डोळ्यांत जुनी मैत्रीण भेटल्याचं पाणी. पाटी मात्र कोणी वाचली नाही. तिच्यावर ४४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ लिहिलेलं होतं, कारण बोटींवर लाईट बहुधा तशीच असते. आपल्याकडे ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. अशी मोटर इथे लावली तर फिरते, पण सहाव्या हिश्श्याने हळू. शिवाय दर हर्ट्झमागे तिला व्होल्ट जास्त मिळतात, लोखंडात चुंबकत्व मावत नाही, आणि ती रिकामी फिरतानाही तापते. हळू फिरते म्हणून आम्ही पुली बदलून वेग वाढवला. त्याने भार वाढला. पुढचं सांगायला नको. मोटरमधून धूर आला तेव्हा मामा म्हणाले, "बोटीवर असं कधी झालं नाही." खरंच झालं नसणार.

पायरी तिसरी. किती अँपिअरचा घ्यायचा, ते सगळ्यांना विचारा.

४१५ व्होल्टला एका एचपीमागे साधारण १.४ अँपिअर धरतात. वीस एचपीला झाले २८. इथपर्यंत सर्वांचं एकमत असतं. यानंतर म्हसळ्याच्या नाक्यावर उभं राहून तीन जणांना विचारलंत तर चार आकडे मिळतील.

आमचा आतेभाऊ लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रिकलला आहे. त्याने सांगितलं, २८ च्या वरचा पहिला आकडा ३२, म्हणून ३२ चा घे. मामा म्हणाले ६३ चा घे. माणगावच्या दुकानदाराने १०० चा दाखवला, कारण त्याच्याकडे तोच होता. "शेठ, जास्त असलेला केव्हाही बरा," हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

३२ चा लावून बघितला. गिरणी स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालते. मोटर सुरू होताना सरळ लाईनवर टाकली तर सहा-सात पट करंट ओढते. आधी स्टारमध्ये फिरवली की लाईनवरचा करंट एक तृतीयांश होतो, म्हणजे १६८ च्या जागी ५६. मग काही सेकंदांनी स्टार सुटून डेल्टा लागतो, आणि त्या खट्‌ आवाजाच्या क्षणी मोटर एक जबरदस्त झटका मारते. तो झटका निमिषभराचाच, पण दहा-बारा पटींच्या घरात जाऊ शकतो. ३२ च्या ब्रेकरची कॉइल दहा पटीला, ३२० अँपिअरला खटका सोडते. त्यामुळे रोज सकाळी स्टार झाला, खट्‌, डेल्टा झाला, फट्‌. गिऱ्हाईक म्हणे, "दादा, तुमची गिरणी शिंकते."

मग ६३ चा लावला आणि शिंक बंद झाली. कॉइल सहा पटीवर ठेवली तरी ३७८ अँपिअरपर्यंत ती शांत बसते. मामांनी मिशीवर हात फिरवला. त्यांचा हिशोब वेगळाच होता: सुरू होतानाचे ५६ अँपिअर ६३ मध्ये मावतात, म्हणून ६३. उत्तर बरोबर, कारण चूक. दहावीच्या पेपरात याला अर्धे मार्क मिळतात. वायरिंगमध्ये पूर्ण मिळतात, आणि माणूस पुढच्या वेळी त्याच कारणाने चुकीचं उत्तर देतो.

कारण ६३ चा ब्रेकर मोटरला वाचवतच नाही. शॉर्टसर्किट झालं तर वायर, पॅनल आणि शेड वाचवायला तो आहे. मोटरची काळजी घेणारा दुसरा असतो, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. हे ध्यानात न आल्यामुळे आमची तिसरी मोटर गेली, आणि ती जाण्याची कथा पावसाळ्यात घडते.

पायरी साडेतीन. पावसाची वाट पाहा.

आमच्याकडे जूनमध्ये लाईट सगळी जाते असं नाही. पुष्कळदा एक तृतीयांश जाते. फांदी पडते, जंपर तुटतो, किंवा डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक डीओ फ्यूज उडतो. वायरमनचं सगळं लक्ष गावातल्या बत्त्यांकडे. गिरणीत मोटर मात्र चालू असते. थ्री फेजची मोटर दोन फेजांवर सुरू होत नाही, पण आधीच फिरत असेल तर थांबतही नाही. उरलेल्या दोन फेजांतून ती तेवढंच काम ओढते. करंट साधारण पावणेदोनपट होतो, म्हणजे २८ चे ४८. आता ६३ च्या ब्रेकरकडे बघा. ४८ हे ६३ पेक्षा कमीच आहेत. त्याच्या मते सगळं ठीक चाललंय. तो तिथेच, गोरापान, लिव्हर वर करून उभा आणि त्याच्यासमोर मोटर भाजते.

डीपीच्या वरच्या बाजूचा, अकरा किंवा बावीस हजार व्होल्टचा डीओ उडाला तर गंमत आणखी वाढते. खाली गावात एका फेजच्या बत्त्या पूर्ण उजळ आणि दोन फेजांच्या मंद पडतात. अशा वेळी मोटरच्या एका फेजमधून दुसऱ्या दोघींच्या दुप्पट करंट जाऊ शकतो. जुन्या रिलेत दोनच फेजांवर पट्ट्या असत आणि नेमकी तिसरी फेज तापली तर कोणाला पत्ता नसे. म्हणून रिले तिन्ही फेजांवर असलेला घ्या आणि सोबत फेज गेल्याबरोबर कॉन्टॅक्टर सोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा. तो ब्रेकरच्या मानाने स्वस्त असतो. म्हणूनच बहुधा कोणी घेत नाही.

पायरी चौथी. रिलेवरचा आकडा.

इथे सावकाश वाचा, कारण इथे शिकलेसवरलेले पडतात. स्टार-डेल्टामध्ये रिले बहुतेक वेळा मोटरच्या फेजमध्ये बसवलेला असतो, लाईनमध्ये नाही. लाईनमध्ये २८ अँपिअर असतील तेव्हा आतल्या वाइंडिंगमध्ये २८ ला १.७३ ने भागून येतात तेवढेच, म्हणजे १६.२. म्हणून रिलेची चकती १६ च्या आसपास ठेवायची. पाटीवर २८ लिहिलंय म्हणून चकती २८ वर ठेवलीत तर रिले पाऊणपट जादा भाराला परवानगी देऊन बसतो. आमच्याकडे ती अशीच होती, आणि ती कोणी ठेवली ते मी इथे लिहिणार नाही, कारण तो मीच.

चकती १६ वर आणल्यावर मामांनी पाहिलं आणि ती परत २८ वर नेली. "मोटर अठ्ठावीसची, मग सोळा कशाला?" हा खेळ तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी मी चकतीवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. बायकोने नेलपॉलिशबद्दल विचारलं तेव्हा सगळं इलेक्ट्रिकल समजावून सांगावं लागलं. तिला पहिल्यांदा सांगताच कळलं.

पायरी पाचवी. केए, म्हणजे दुकानदाराचा आवडता आकडा.

ब्रेकर घ्यायला मुंबईला लोहार चाळीत जा. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे ती गल्ली आहे. तिथे माणसापेक्षा वायर जास्त आणि वायरीपेक्षा सल्ला जास्त. जुना माणूस असेल तर 'एल अँड टी'चा मागेल. दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ साली मुंबईत उभी केलेली ती कंपनी. तिचा स्विचगिअरचा धंदा २०२० साली श्नायडरकडे गेला, पण गावातल्या वायरमनच्या तोंडातलं नाव काही विकलं गेलेलं नाही.

काउंटरवर तुम्हाला विचारतील, "पंचवीस केए की छत्तीस की पन्नास?" केए म्हणजे किलोअँपिअर: शॉर्टसर्किट झाल्यावर येणारा किती हजार अँपिअरचा लोंढा हा ब्रेकर न फुटता तोडू शकतो. इथे दुकानदार तेच वाक्य म्हणतो: "जास्त असलेला केव्हाही बरा."

घरी बसून हिशोब करा. आमचा डीपी १०० केव्हीएचा आहे. त्याचा पूर्ण भाराचा करंट १३३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या अंगचा अडथळा साडेचार टक्के धरला तर त्याच्या तोंडाशी शॉर्ट केलं तरी १३३ भागिले ०.०४५, म्हणजे साधारण तीन हजार अँपिअर. तीन केए. तिथून गिरणीपर्यंत वायरीत आणखी घटतो. म्हणजे दहा केएचा ब्रेकरसुद्धा इथे तिपटीने पुरून उरतो. पन्नास केएचा घेणं म्हणजे म्हसळ्याच्या खाडीत होडी घालायला दिघी बंदरावरची क्रेन मागवणं. हां, तुमच्या शेजारी पाचशे किंवा हजार केव्हीएचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हिशोब नव्याने मांडा.

ब्रेकरच्या अंगावर दोन आकडे सापडतील, आयसीयू आणि आयसीएस. पहिला एवढा करंट तोडला की ब्रेकर शहीद झाला तरी चालतं. दुसरा तोडूनही पुन्हा कामाला लागला पाहिजे. दुसरा आकडा पाहून घ्या. पहिला ठळक छापलेला असतो.

पायरी सहावी. लांबच्या पंपाला याच ब्रेकरवरून लाईन देऊ नका.

ही चूक आम्ही केली नाही, शेजाऱ्याने केली. आम्ही फक्त उभे राहून पाहिली. त्याने गिरणीच्या ६३ वरून ओढ्याकाठच्या दहा एचपीच्या पंपाला १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल ओढली, तीनशे मीटर. या जाडीच्या ॲल्युमिनियमला किलोमीटरमागे साधारण तीन ओहम अडथळा. तीनशे मीटरला नऊ दशांश ओहम, वर डीपीचा आणि सांध्यांचा थोडा. म्हणजे पंपाशी तिन्ही फेज एकत्र चिकटल्या तरी करंट अडीचशेच्या आत. आणि ब्रेकरची कॉइल ३७८ ला जागी होणार! शॉर्टसर्किट झालंय, पण ब्रेकरला ते नेहमीपेक्षा जरा जास्त काम वाटतंय. पट्टी तापून वाकेपर्यंत केबलवरचं प्लास्टिक थांबत नाही. शेजाऱ्याचं कुंपण दोन ठिकाणी करपलं. शिवारात वास सुटला तेव्हा सगळ्यांना वाटलं कोणी राब भाजतोय.

करंट जास्त येण्याची भीती सगळ्यांना असते. कमी येण्याची भीती कोणी शिकवत नाही. लांबच्या पंपाला त्याच्या मापाचा वेगळा छोटा ब्रेकर लावा आणि केबल जाड घ्या.

पायरी सातवी. लिव्हर मध्ये अडकली तर घाबरू नका.

ब्रेकर ट्रिप झाला की लिव्हर खाली येत नाही, मधोमध थांबते. नवशिका ती वर ढकलतो, ती परत मध्ये. पुन्हा ढकलतो. मग ब्रेकर गेला म्हणून माणगावला फोन करतो. लिव्हर आधी पूर्ण खाली ओढा, कट्‌ आवाज येईपर्यंत, आणि मगच वर करा. त्याआधी दोन मिनिटं पट्टीला थंड होऊ द्या, आणि तो का ट्रिप झाला ते पाहा. या शेवटच्या अटीमुळेच लोक ही पायरी वगळतात.

पायरी आठवी. दमट हवा.

कंपनीच्या पुस्तकात ब्रेकरचा आकडा चाळीस अंशाच्या हवेला धरलेला असतो. मे महिन्यात आगोटीच्या घाईत सगळं गाव भात घेऊन येतं, पत्रा तापलेला, पॅनलचं दार बंद, आत चाळिशीच्या वर. तेव्हा पट्टीला करंटचा हातभार कमी लागतो, पत्राच निम्मं काम करतो. पॅनल पत्र्याला टेकवून लावू नका. शेडच्या सावलीतल्या भिंतीला लावा. दार उघडं ठेवणं हा उपाय नाही, कारण पाल. पाल दोन बसबारच्या मध्ये गेली की स्वतः जाते आणि जाताना सगळ्यांना घेऊन जाते. केबलच्या भोकांना ग्लँड बसवा, रिकामी भोकं बुजवा. सांध्यांत तांबं आणि ॲल्युमिनियम थेट भिडवू नका, मधे दोन धातूंचा लग घ्या. इथल्या दमट खारट हवेत तो सांधा हिरवा पडतो, तापतो, आणि ब्रेकर विनाकारण ट्रिप होतो असं वाटायला लागतं. वर्षातून एकदा पाना घेऊन स्क्रू आवळा, लाईन बंद करून. 'बंद करून' हे शब्द मामांसाठी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलं आणि म्हसळ्याला झोडपून गेलं. खांब झोपले, शेडचा पत्रा कोणाच्या तरी बागेत जाऊन पडला, गावोगाव आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. ज्या जिल्ह्याने भिऱ्याला १९२७ साली वीज करून मुंबईला पाठवली, तिथे आम्ही मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्याच्या दारात रांगेत. लाईट आल्यावर उत्साहात लिव्हर वर केली असती तर भिजलेल्या मोटरचा निकाल त्याच क्षणी लागला असता. तेव्हा मामांनी जे केलं ते मी प्रामाणिकपणे लिहितो. त्यांनी कोणाला लिव्हरला हात लावू दिला नाही. मोटर उघडली, ताडपत्रीखाली दोन मोठे बल्ब लावून तीन दिवस शेकली, रोज मेगर लावला, आणि वाइंडिंग ते बॉडी एक मेगाओहमच्या बरंच वर गेल्यावरच म्हणाले, "आता कर." बल्ब अर्थातच जनरेटरवर. बोटीवर खरंच काहीतरी शिकवतात.

पायरी नववी, आणि शेवटची. सगळं झालं की पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या पश्चात कोणाला नाक्यावर जाऊन विचारावं लागणार नाही. आमच्या दारावर असं आहे: मोटर २० एचपी, २८ अँपिअर. ब्रेकर ६३, तीन पोल, दहा केए. रिले १६, हलवू नये. फेज गेली तर प्रिव्हेंटर सोडतो, बायपास करू नये. पंप वेगळा. मेगर दर जूनच्या आधी.

दुसऱ्या दिवशी 'रिले १६, हलवू नये' याच्या शेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'का?'